कोटाच्या कागदाची कुळकथा

इंचाची टेप शिंप्याच्या गळ्यात आली ती एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला. त्याआधी युरोपातला शिंपी माप आकड्यांत घेतच नसे. कागदाची एक लांब पट्टी घ्यायची आणि पाठीची रुंदी, बाहीची लांबी, छातीचा घेर जिथे संपेल तिथे तिला कात्रीने खाच पाडायची. प्रत्येक गिऱ्हाइकाची पट्टी वेगळी. फ्रान्समध्ये गार्सो यांनी 1769 साली शिंपीकामावर लिहिलेल्या पुस्तकात ही पद्धत आली आहे. आज स्वतःच्या मापाचा कोट घरी बेतणाऱ्याचं कूळ मी या पट्टीपासून मोजतो. कारण तिच्यात सरासरीला जागाच नव्हती.

टेपबरोबर आकडे आले आणि आकड्यांबरोबर प्रमाणं. छाती कळली की मुंढा, खांदा, पाठ हिशेबाने काढता येतात, असं शिंप्यांच्या लक्षात आलं. हेन्री वॉम्पेन या जर्मन गणितज्ञाने तर 1834 मध्ये कपडे बेतण्याच्या गणितावर पुस्तकच लिहिलं. आपल्या शिवणक्लासात खाकी कागदावर छातीचा चौथा भाग घेऊन आखणी होते, त्यामागेही हाच विचार आहे. तो सोयीचा आहे, पण एका छातीची सगळी माणसं सारखी असतात हे त्यात धरून चाललेलं असतं. सदऱ्यात ते खपून जातं, कोटात नाही. अस्तर, कॅनव्हास, जाड लोकर, सगळा भार खांद्यावर असतो. खांद्याचा उतार थोडा जरी चुकला तरी कॉलर मानेपासून सुटते आणि बाहीवर तिरप्या चुण्या पडतात.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या स्टर्लिंग गावच्या इबेनीझर बटरिक या शिंप्याने 1863 मध्ये वेगवेगळ्या मापांत कापलेले कागदी नमुने विकायला काढले. आधीचे नमुने बहुधा एकाच मापाचे असत. लहान-मोठं करायचं ते घरच्या बाईने. बटरिकने आधी जाड कागद वापरला, पण तो घडी करून टपालात घालता येईना, म्हणून टिश्यू पेपर आला. त्यावर छपाई नव्हती, नुसत्या खाचा आणि भोकं. रेषा छापलेले नमुने 1920 च्या सुमारास मॅकॉल कंपनीने आणले. शिंप्याची राखून ठेवलेली विद्या टपालाने घरोघरी गेली, हे बटरिकचं मोठं काम. पण गिऱ्हाइकाच्या नावाची पट्टी गेली आणि पाकिटावरचा आकडा आला.

एने बुर्डा यांनी 1950 मध्ये जर्मनीत मासिक सुरू केलं आणि 1952 पासून त्यासोबत नमुने दिले. एकाच मोठ्या कागदावर कितीतरी कपड्यांच्या रेषा एकमेकींवर छापलेल्या. आपली रेषा शोधायची, पातळ कागदावर उतरवायची, शिलाईची जागा स्वतः सोडायची. पुढे लहान-मोठी मापंही एकात एक छापली जाऊ लागली. मला हा टप्पा बटरिकइतकाच मोलाचा वाटतो. रेषा स्वतःच्या हाताने उतरवायची म्हटल्यावर खांदा एका मापाचा आणि कंबर दुसऱ्या मापाची घ्यायला कोण अडवणार?

आता बेल्जियमच्या योस्ट दे कॉक यांनी सुरू केलेला फ्रीसुइंग हा मुक्त प्रकल्प पाकिटावरचा आकडाच काढून टाकतो. आपली मापं भरायची, रेषा त्यावरून आखल्या जातात. त्यात कार्लटन नावाचा लांब ओव्हरकोटही आहे. नमुना ए-फोर कागदांवर छापून चिकटवायचा. चिकटवण्याआधी पानावर तपासणीसाठी छापलेला चौकोन फूटपट्टीने मोजून बघायचा, कारण प्रिंटरने पान किंचित लहान केलं तरी अख्खा कोट आखूड होतो.

तरीही वाकलेली पाठ किंवा एक खांदा खाली असणं टेपला पुरतं सापडत नाही. म्हणून लोकरीला कात्री लावण्याआधी मांजरपाटाचा कोट धावदोऱ्याने जोडतात, अंगावर चढवून टाचण्या लावतात, उसवतात आणि खडूच्या नव्या खुणा कागदावर उतरवतात. डाव्या-उजव्या खांद्याचे कागद तेव्हा बरेचदा वेगळे निघतात.