अळीचें कूळ

छत्रपती संभाजीनगरच्या क्रांती चौकांत आंबे घेतांना आपण जात विचारतों : हापूस कीं केसर ? परंतु फळांत अळी निघाली, तर तिचें कूळ कोण विचारतो ? व्यापाराला मात्र तें विचारावें लागतें. २०१३ सालीं भारतांतून युरोपांत गेलेल्या फळांच्या व भाज्यांच्या २०७ खेपांत फळमाशीसारखे कीटक सांपडले. म्हणून १ मे २०१४ पासून युरोपीय संघानें आपला आंबा बंद केला. ती बंदी २०१५ च्या आरंभीं उठली.

आंब्याची मुख्य वैरीण 'बॅक्ट्रोसेरा डॉर्सालिस'. हेंडेल यांनीं १९१२ सालीं तिचें वर्णन केलें. १९९४ मध्यें ड्रू व हॅनकॉक यांनीं बारीक शरीरभेदांवरून तिच्या आप्तांना 'पपाये', 'फिलिपिनेन्सिस' व 'कॅराम्बोले' अशीं स्वतंत्र नांवें दिलीं. २००३ सालीं केनियांत तशीच माशी आढळली. २००५ मध्यें तिला 'इन्व्हेडन्स' म्हणजे 'आक्रमण करणारी' हें नांव मिळालें. नांव वेगळें म्हणून निर्बंधही वेगळे !

अळीच्या अंगावर तर माशीच्या खुणाही नसतात. पूर्वीं ती वाढवून माशी होईपर्यंत थांबावें लागे. २००३ मध्येंच कॅनडांतील पॉल हेबर्ट यांनीं उपाय सुचविला : पेशींतील डीएनएचा एक ठराविक, सुमारें ६५० अक्षरांचा तुकडा वाचावा व त्यावरून प्राणी ओळखावा. हेबर्ट यांच्याच नांवाचें डीएनए बारकोडिंग केंद्र आपल्या शहरांतील डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठांत उभें राहिलें.

पण येथें एक नवल घडलें. दूरच्या माशा या तुकड्यानें चटकन निराळ्या पडल्या. 'डॉर्सालिस', 'पपाये' व 'इन्व्हेडन्स' मात्र कांहीं केल्या वेगळ्या होईनात. साधन अपुरें कीं भेदच खोटा ? केवळ डीएनएवर विसंबून न राहतां शास्त्रज्ञांनीं त्यांचा संकर केला. संतति सुदृढ व प्रजननक्षम निघाली. गंधद्रव्येंही जुळलीं. अखेर २०१५ मध्यें 'पपाये', 'फिलिपिनेन्सिस' व 'इन्व्हेडन्स' हीं नांवें 'डॉर्सालिस'मध्यें विलीन झालीं. 'कॅराम्बोले' तेवढी निराळी राहिली.

याचा लाभ थेट बागायतदाराला. एकाच माशीचीं चार नांवें असतां प्रत्येकीवरील उपाय निराळा सिद्ध करावा लागे. आतां एकीवर ठरलेला उपाय सर्वांना लागू पडतो. यापुढें आंब्यांत अळी निघाली, तर फेंकण्यापूर्वीं क्षणभर हा वृत्तांत आठवावा.