भाडेपट्ट्यांतील मक्तेदारी

दुकान भाड्यानें घेणारा मनुष्य केवळ चार भिंती घेत नाहीं. तेथें येणाऱ्या गिऱ्हाइकावरहि त्याची भिस्त असते. म्हणूनच त्या आवारांत त्याच धंद्याचें दुसरें दुकान नसावें, अशी अट भाडेपट्ट्यांत शिरते. ती न्याय्य केव्हां म्हणावी?

इ. स. १७११ मध्यें इंग्लंडांत मिचेल विरुद्ध रेनॉल्ड्स हा खटला चालला. रेनॉल्ड्स या पाववाल्यानें लंडनच्या होबर्न भागांतील आपल्या भट्टीचा पट्टा पांच वर्षांसाठीं मिचेलच्या नांवें केला. तेवढ्या मुदतींत त्या पॅरिशच्या हद्दींत आपण हा धंदा करणार नाहीं, केल्यास ५० पौंड देऊं, असें त्यानें लिहून दिलें. पुढें वचन मोडल्यावर, धंद्याला बंदी करणारा करारच रद्द आहे, असा बचाव त्यानें केला. न्यायमूर्ति पार्कर यांनीं तो मानला नाहीं. साऱ्या देशभर धंदा बंद करणारा करार व्यर्थ होय. कारण न्यूकॅसलमध्यें कोणी काय करतो, याच्याशीं लंडनच्या व्यापाऱ्याला काय कर्तव्य? मात्र जागा व मुदत मर्यादित असून मोबदला योग्य असेल, तर बंधन ग्राह्य ठरतें.

आपल्याकडील १८७२ च्या करार कायद्याचें २७ वें कलम याहून कडक आहे. शेजारच्या दुकानदारानें आपलें दुकान बंद करावें म्हणून कबूल केलेले पैसे १८७४ सालीं कलकत्ता हायकोर्टानें देवविले नाहींत; बंधन एका वस्तीपुरतें असलें तरी तें रद्दच, असें ठरलें.

विसाव्या शतकांत एकाच मालकाच्या छपराखालीं शेंकडों दुकानें आलीं, आणि प्रश्नाचें रूप पालटलें. मोठें दुकान गर्दी खेंचतें, जोखीमहि पत्करतें; तेव्हां त्यानें संरक्षण मागावें हें स्वाभाविक आहे. परंतु दक्षिण आफ्रिकेच्या स्पर्धा आयोगानें २०१५ सालीं किराणा व्यापाराची चौकशी आरंभिली, आणि २०१९ च्या अहवालांत अशा अटी लहान दुकानदारांना बाहेर ठेवतात असा निष्कर्ष काढला. लहानांविरुद्ध त्या तत्काळ थांबवाव्या व पांच वर्षांत सर्वस्वीं संपवाव्या, अशी त्यानें शिफारस केली.

श्रोतेहो, रेनॉल्ड्सनें स्वतः सही केली होती. आजच्या अटींत सही मालकाची व मोठ्या भाडेकरूची असते. दार मात्र तिसऱ्यालाच बंद होतें, आणि त्याचा भार गृहिणीच्या पिशवीवर पडतो. म्हणून जागा व मुदत पाहतांना, ज्यांना कोणी विचारलें नाहीं त्यांचेंहि हित न्यायानें तोललें पाहिजे.