विद्यापीठांचा रेडिओ आणि परभणी

भारतात विद्यापीठाला स्वतःचे नभोवाणी केंद्र चालवण्याची मुभा २००२च्या अखेरीस मिळाली. त्याआधी ११७ वर्षे, म्हणजे १८८५च्या तार कायद्यापासून, प्रक्षेपणाचा विशेषाधिकार कायद्याने सरकारकडेच होता. साधा रेडिओ संच घरात ठेवायचा तर पोस्टातून परवाना काढून दरवर्षी शुल्क भरावे लागे; १९८०च्या दशकापर्यंत हीच रीत होती. अमेरिकेत ब्राऊन विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी १९३६ सालीच वसतिगृहे तारांनी जोडून आपले केंद्र चालू केले होते. इथल्या विद्यार्थ्याला तसले काही करणे म्हणजे गुन्हाच ठरला असता. त्यामुळे परभणीसारख्या जिल्ह्यात विद्यापीठ आणि रेडिओ यांचे नाते वेगळ्या वाटेने जुळले, आणि ती वाट शेतातून गेली.

परभणी तेव्हा हैदराबाद संस्थानात होती. निजाम सरकारने १९३५ साली हैदराबादचे केंद्र आपल्या ताब्यात घेतले आणि पुढे मराठवाड्यासाठी औरंगाबादेतही एक केंद्र काढले. संस्थान विलीन झाल्यावर १ एप्रिल १९५० रोजी ही दोन्ही केंद्रे आकाशवाणीकडे आली. औरंगाबादचे केंद्र मात्र लवकरच बंद पडले आणि मराठवाड्याला बरीच वर्षे स्वतःचा आवाज उरला नाही.

याच दशकात आकाशवाणीच्या पुणे केंद्राने एक प्रयोग केला. पुढे देशभर त्याचे अनुकरण झाले. १९५६ साली युनेस्कोच्या मदतीने पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतल्या १५० गावांत रेडिओ शेतकरी मंडळे स्थापन झाली. आठवड्यातून दोनदा संध्याकाळी गावातली वीसेक माणसे संचाभोवती जमत. अर्ध्या तासाचा कार्यक्रम ऐकून झाला की खरे काम सुरू होई. निमंत्रक चर्चा घडवून आणी, चिटणीस टिपण लिही, आणि मंडळाच्या शंका टपालाने पुण्याला जात. त्यांची उत्तरे पुढच्या कार्यक्रमात मिळत. एकूण २० कार्यक्रम झाले. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने मंडळांच्या गावांची तुलना बिगरमंडळाच्या गावांशी केली, तेव्हा ऐकून चर्चा करणाऱ्या गावांत माहितीची भर स्पष्टपणे जास्त पडलेली दिसली. १९५९ पासून ही योजना देशभर लागू झाली, पण पुण्यात कार्यकर्त्यांनी जी मेहनत घेतली होती ती सरकारी योजनेत कुठून येणार? मंडळे कागदावर वाढली आणि यथावकाश विझली.

परभणीत शेतीशिक्षण रेडिओच्या आधी पोचले होते. इथले कृषी महाविद्यालय १९५६चे, म्हणजे मंडळांच्या प्रयोगाच्याच वर्षाचे. आकाशवाणीचे परभणी केंद्र साठच्या दशकाच्या अखेरीस मध्यम लहरींवर सुरू झाले. पाठोपाठ १८ मे १९७२ रोजी मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झाले. २०१३ साली त्याला वसंतराव नाईकांचे नाव मिळाले. राहुरी आणि अकोल्याला कृषी विद्यापीठे मिळूनही मराठवाड्याला वाट पाहावी लागली होती, हे इथला माणूस अजून विसरलेला नाही.

एकाच गावात आकाशवाणी केंद्र आणि कृषी विद्यापीठ असणे ही सोय थोड्याच जिल्हा ठिकाणांना लाभली. आकाशवाणीने १९६६ पासून शेती आणि गृह विभाग उघडायला सुरुवात केली होती. तमिळनाडूत तंजावरच्या शेतकऱ्यांनी तर रेडिओवरून कळलेल्या नव्या भाताला ‘रेडिओ भात’च म्हणायला सुरुवात केली. परभणीच्या विद्यापीठाकडेही सांगण्यासारखे पुष्कळ होते. भेंडीवर केवडा पडला की पानांच्या शिरा पिवळ्या होतात आणि पीक हातचे जाते. या रोगाला दाद न देणारा ‘परभणी क्रांती’ हा वाण १९८५ साली इथूनच प्रसारित झाला. रब्बी ज्वारीचा ‘परभणी मोती’ हाही इथलाच.

विद्यार्थ्यांच्या वाट्याला या काळात आली ती ‘युववाणी’. २१ जुलै १९६९ रोजी दिल्लीत ती सुरू झाली आणि मग इतर केंद्रांवर पसरली. तरुणांनी तरुणांसाठी बोलायचे, अशी ही सोय. मात्र संहिता आधी मंजूर व्हायची आणि ध्वनिमुद्रण सरकारी स्टुडिओतच व्हायचे.

९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निर्णय दिला आणि कोंडी फुटली. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाची ‘ज्ञानवाणी’ २००१ साली सुरू झाली. तिचे एक केंद्र औरंगाबादलाही होते. २००२च्या धोरणानंतर देशातले पहिले कॅम्पस केंद्र चेन्नईच्या अण्णा विद्यापीठात १ फेब्रुवारी २००४ रोजी बोलू लागले. महाराष्ट्रात पुणे विद्यापीठाची ‘विद्यावाणी’, मुंबई विद्यापीठाचा ‘मस्ट रेडिओ’ आणि बारामतीची ‘वसुंधरा वाहिनी’ अशी केंद्रे आली. विद्यावाणी आणि मस्ट रेडिओच्या माईकसमोर त्या त्या विद्यापीठाचे विद्यार्थी बसले.

परभणीच्या दृष्टीने महत्त्वाचे ते समुदाय रेडिओचे नोव्हेंबर २००६चे धोरण. त्यात स्वयंसेवी संस्थांबरोबर कृषी विद्यापीठे आणि कृषी विज्ञान केंद्रे यांची नावे स्पष्टपणे घातली गेली. त्याचा सर्वांत बोलका उपयोग जुन्या हैदराबाद संस्थानातच, जहिराबादजवळ झाला. तिथे १५ ऑक्टोबर २००८ रोजी दलित शेतकरी महिलांनी ‘संघम रेडिओ’ सुरू केला. कृषी विद्यापीठाकडेही शेताशी जोडलेली माणसे आहेत. कृषी पदवीचे शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी कार्यानुभवासाठी ‘कृषिदूत’ आणि ‘कृषिकन्या’ म्हणून खेड्यात राहतात. पेरणी, कीड, बाजारभाव यांवर शेतकऱ्याशी रोज बोलतात. रेडिओला याहून चांगला वार्ताहर मिळणार नाही.

अडचण आहे ती नियमांची. समुदाय रेडिओ केंद्राच्या प्रक्षेपणाची प्रभावी शक्ती साधारणतः १०० वॅट, पल्ला ५ ते १० किलोमीटर. दहा किलोमीटरचा वर्तुळाकार टापू भरतो सुमारे ३१४ चौरस किलोमीटर, आणि परभणी जिल्हा आहे सहा हजार चौरस किलोमीटरांहून मोठा. म्हणजे विद्यापीठाच्या मनोऱ्यावरून निघालेला आवाज शहर आणि आसपासची गावे ओलांडून जिंतूर किंवा गंगाखेडला पोचणार नाही. शिवाय स्वतःच्या बातम्या देण्यास मनाई आहे. शहरातल्या विद्यापीठाला एवढा पल्ला पुरतो. ज्याचा श्रोता शिवारात आहे त्या कृषी विद्यापीठाला तो तोकडा पडतो. आणि परवाना आजही संस्थेच्याच नावे निघतो. विद्यार्थ्यांच्या मंडळाला तो मागता येत नाही.