नेपथ्यचित्रांचे परिरक्षण

रंगमंचासाठी कापडावर रंगविलेले पडदे, विंगा व झालरी यांचे मूळ स्वरूपातील जतन. ही चित्रे दीर्घकाळ टिकावीत, असा चित्रकाराचा हेतू क्वचितच असे. लिनन वा सुती कापडावर प्राणिज सरसात कालविलेले रंग दिले जात. सरस बेताचा ठेवल्याने रंग चकाकत नाही व दिव्यांच्या उजेडात दृश्य सखोल भासते. परिरक्षकाची अडचण याच गुणातून उद्भवते. असा रंग पाण्याने विरघळतो, स्पर्शाने भुकटीसारखा सुटतो. वार्निश वा अधिक सरस दिल्यास तो गडद व तकतकीत होऊन मूळ परिणाम नष्ट होतो. म्हणून स्टर्जन माशाच्या वाताशयापासून काढलेला सौम्य सरस अत्यल्प प्रमाणात वापरतात.

स्टॉकहोमजवळील ड्रॉटनिंगहोम राजवाड्याचे नाट्यगृह हे या बाबतीत विशेष उल्लेखनीय होय. पहिले नाट्यगृह १७६२ मध्ये जळाल्यावर कार्ल फ्रेड्रिक आडेलक्रांट्स याने १७६६ मध्ये ते नव्याने उभारले. तिसरा गस्टाव्ह याची १७९२ मध्ये हत्या झाल्यानंतर ते उपेक्षित राहिले. या उपेक्षेमुळेच नव्या प्रकाशयोजनेसाठी वा अभिरुचीसाठी त्यात फेरफार झाले नाहीत. १९२१ मध्ये आग्ने बेयेर या अभ्यासकास तेथे अठराव्या शतकातील नेपथ्य व लाकडी यंत्रणा सुस्थितीत आढळली; १९२२ मध्ये प्रयोग पुन्हा सुरू झाले. तथापि विंगा प्रेक्षकांसमक्ष क्षणार्धात सरकविणे हे या रंगमंचाचे वैशिष्ट्य असल्याने प्रत्येक प्रयोगात मूळ रंग झिजण्याचा धोका होता. त्यामुळे प्रयोगांसाठी प्रतिकृती वापरून मूळ चित्रे राखून ठेवण्यात आली. प्रतिकृतीत जुन्या रंगाची पोत पूर्णतः उतरत नाही, हा आक्षेप रास्त असला, तरी मूळ चित्र एकदा झिजले की त्याला पर्याय नाही.

चेक प्रजासत्ताकातील चेस्की क्रुमलोव्ह येथील किल्ल्याचे नाट्यगृह १९६६ मध्ये जीर्णोद्धारासाठी बंद करून १९९७ मध्ये प्रेक्षकांसाठी खुले करण्यात आले.

महाराष्ट्रात आनंदराव व बाबूराव पेंटर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी संगीत नाटक मंडळ्यांसाठी पडदे रंगविले. मंडळ्या गावोगाव फिरत असल्याने पडदे सतत गुंडाळावे-उलगडावे लागत; त्यात पावसाळी दमटपणाची भर पडे. अशा पडद्यांची घडी न घालता ते मोठ्या व्यासाच्या नळीवर गुंडाळून, मधे आम्लरहित कागद घालून, कोरड्या व अंधाऱ्या जागी आडवे ठेवणे श्रेयस्कर असते.