बुटातले '२८ टक्के'

जालन्यात पहाटे पोलीस भरतीची पोरं १६०० मीटरचा सराव करताना दिसतात. त्यातल्या एकानं मला विचारलं, "भाऊ, दुकानदार म्हणतो या बुटानं पिंढऱ्या मजबूत होतात. खरंय का?" उत्तर शोधता शोधता मी २००९ सालापर्यंत मागे गेलो.

तेव्हा रिबॉकच्या 'इझीटोन' बुटांची हवा होती. तळाला हवेचे फुगीर कप्पे. पाय किंचित डळमळतो, म्हणून स्नायूंना जास्त काम पडतं, असा तर्क. जाहिरातीचा दावा: नितंबाचे स्नायू २८ टक्के आणि पिंढऱ्या ११ टक्के जास्त बळकट. (३० म्हटलं असतं तर शंका आली असती, २८ कसं मोजून आणल्यासारखं वाटतं!)

मोजलं होतंच, पण काय? डेलावेअर विद्यापीठातल्या त्या अभ्यासात माणसं होती फक्त पाच. चालताना स्नायूंतली विद्युत हालचाल नोंदवली गेली. ताकद मोजलीच नव्हती. 'स्नायू जास्त चालला' याचं जाहिरातीत 'स्नायू बळकट झाला' असं झालं. मला विचाराल तर सगळी गोम या एका क्रियापदात आहे. २०१० मध्ये विस्कॉन्सिन-ला क्रॉस विद्यापीठानं १२-१२ तरुणींच्या दोन गटांवर असे बूट आणि साधे बूट ताडून पाहिले. लक्षणीय फरक मिळाला नाही.

पुढे अमेरिकेच्या व्यापार आयोगानं कारवाई केली. सप्टेंबर २०११ मध्ये रिबॉकनं अडीच कोटी डॉलर, तर मे २०१२ मध्ये स्केचर्सनं चार कोटी डॉलर देऊन तडजोड केली. स्केचर्सच्या दाव्यामागचा अभ्यास करणाऱ्याची बायको त्याच कंपनीच्या मार्केटिंगमध्ये होती, हे आयोगानंच उघड केलं.

आणि आपल्याकडे? १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपाय कायद्यात 'औषध' शब्दाची व्याख्या इतकी रुंद आहे की शरीराच्या रचनेवर परिणाम करण्यासाठी असलेली कुठलीही वस्तू, अन्न सोडून, तिच्यात बसते. मात्र बंदी मुख्यतः यादीतल्या विकारांपुरती. यादीत लठ्ठपणा आहे, उंचीसुद्धा आहे, पिंढऱ्या नाहीत. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याला मात्र अशा यादीची मर्यादा नाही. आता वस्तू कुठलीही असो, दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

हे सगळं त्या पोराला सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "मग ते अकराशेवालेच घेतो. पायात नीट बसतात."