गोऱ्यांची लेक

रामघाटाला सुरांची वाण कधीच नव्हती. सांगवेद विद्यालयातल्या मुलांचा वेदघोष, मंगळागौरीच्या आरतीची घंटा, आणि बिस्मिल्ला खाँ बालाजी मंदिरात रियाज करायचे त्या काळी त्यांची सनई. रामघाट, पंचगंगा, दुर्गाघाट, ब्रह्माघाट या पट्ट्यातल्या मराठी घरांनी हे सगळं पिढ्यान्‌पिढ्या ऐकलं. पण काशीच्याच एका मराठी लेकीचं गाणं एका अमेरिकनाच्या चालीत समुद्रापारच्या सभांमध्ये म्हटलं गेलं, ते इथल्या गल्ल्यांत पोचलंच नाही.

तिच्या बापाची गोष्ट मात्र आमच्याकडे होती. रामघाटावर राहणारी माझी आत्या ती सांगायची, आवाज थोडा खाली आणून. गोऱ्यांचा नीळकंठ, कोकणस्थ, आजोबा बांद्याच्या नवाबाच्या पदरी. न्यायशास्त्रात मुरलेला तरुण. बाजारात उपदेश करणाऱ्या पाद्र्यांना गप्प करायला गेला. "आणि त्यांचंच पुस्तक वाचत बसला," आत्या म्हणायची. "हरला नाही हो. पटलं म्हणून गेला." ही गोष्ट तिला तिच्या सासूने सांगितली होती, सासूला आणखी कुणी. धर्म सोडलेल्या माणसाबद्दल बोलताना 'हरला नाही' हे शब्द त्या बायकांनी जपून ठेवले, याचं मला फार मोल वाटतं.

कागदोपत्रीही ते खरंच आहे. नीळकंठशास्त्रींनी आधी ख्रिस्ती मताच्या खंडनाला 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' हा संस्कृत ग्रंथ लिहिला, जॉन म्यूरच्या 'मतपरीक्षे'ला उत्तर म्हणून. मग 1848 च्या मार्चमध्ये जौनपूरला बाप्तिस्मा घेतला आणि ते नेहेम्या गोरे झाले. पंडिता रमाबाईंच्या श्रद्धेला वळण देणाऱ्यांत पुढे त्यांचं नाव आलं. 1895 च्या ऑक्टोबरात ते मुंबईत वारले. त्याच वर्षी फेब्रुवारीत, त्याच मुंबईत, नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा झाला होता.

आत्याची गोष्ट जौनपूरला संपायची. पुढे 11 सप्टेंबर 1853 ला काशीत नीळकंठशास्त्रींना मुलगी झाली, हे तिला माहीत नव्हतं. मला ते कळलं ख्रिस्ती गीतांच्या एका जुन्या संग्रहातून. एका गाण्यावर दोन नावं होती: शब्द एलन लक्ष्मी गोरे, चाल जॉर्ज स्टेबिन्स. 'गोरे' हे आडनाव वाचून मी थबकलो.

लक्ष्मी हे आईचं नाव. लेक तान्ही असतानाच लक्ष्मीबाई वारल्या. बाप 1854 साली महाराजा दुलीपसिंगांबरोबर पंडित म्हणून विलायतेला निघाला. मुलीला निळीचा कारखाना असलेल्या एका इंग्रज जोडप्याने सांभाळलं. सत्तावन्नच्या धामधुमीत त्यांचं होतं नव्हतं ते गेलं. मग स्टॉर्स नावाच्या पाद्र्याच्या घरी ती वाढली आणि 1865 मध्ये त्यांच्याबरोबर इंग्लंडला गेली. बाराव्या वर्षापर्यंत तिची किती घरं बदलली! तिचं सगळ्यात गाजलेलं गीत, 'इन द सीक्रेट ऑफ हिज प्रेझेन्स', देवाच्या सान्निध्यात दडून राहण्याच्या सुखाबद्दल आहे. निवाऱ्याची ती ओढ तिने पुस्तकातून उचलली असेल असं मला वाटत नाही.

स्टेबिन्स न्यूयॉर्क राज्यातल्या खेड्यात 1846 ला जन्मला. शिकागोत वाद्यांच्या पेढीत नोकरी, चर्चमध्ये गायकवृंदाची जबाबदारी, मग बोस्टन, आणि 1876 पासून मूडी आणि सँकी यांच्या धर्मसभा. सँकी गाताना स्वतः ऑर्गन वाजवायचा. पायाने भाता मारायचा तो ऑर्गन आपल्याला बालगंधर्वांच्या नाटकांमुळे परिचयाचा. या मंडळींना सगळ्या सभेला सहज उचलता येतील अशा चाली लागत. स्टेबिन्सने एलनच्या शब्दांना तशी चाल दिली, आणि ते गाणं इंग्रजी बोलणाऱ्या ख्रिस्ती जगात पसरलं. टिळकांनी आपली भक्ती अभंगात ओतली, म्हणून मराठी ख्रिस्ती देवळांत टाळ-तबल्यावर ती आजही म्हटली जाते. एलनच्या वाट्याला इंग्रजी आली, आणि म्हणून आपण तिला आपली म्हणायचं विसरलो. मला हे अन्यायाचं वाटतं.

कारण ती परत आली होती. 1880 मध्ये, सत्ताविसाव्या वर्षी. अमृतसरला पडद्यातल्या बायकांमध्ये तिने काम केलं. 1883 मध्ये लंडनला तिचा गीतसंग्रह निघाला. 1890 साली स्टेबिन्स धर्मसभांसाठी हिंदुस्थानात आला, तेव्हा त्या गाण्याची कवयित्री याच देशात होती. पुढे अलाहाबादला तिने अनाथाश्रम चालवला, 1897 मध्ये दीक्षा घेऊन ती चर्चची सेविका झाली.

हे सगळं मी आत्याला सांगितलं. ती बराच वेळ तांदूळ निवडत राहिली. मग विचारलं, "वारली कुठे?"

"कानपूरला. 1937 मध्ये."

"अगो बाई! म्हणजे मी इथे घाटावर परकर नेसून हिंडत होते तेव्हा ती कानपुरात होती? इतकी जवळ?"

त्यानंतर आत्याने ही गोष्ट सांगताना जौनपूरला कधी थांबवली नाही. "आणि त्याला एक लेक होती," ती म्हणायची, आणि आता तिचा आवाज खाली जात नसे.