माणदेशच्या खिल्लाराची वंशावळ

सातारा जिल्ह्यातील माण आणि सांगली जिल्ह्यातील आटपाडी या तालुक्यांमधील शीव कागदावर कितीही ठळक असली, तरी माणगंगेच्या खोऱ्यातील हा अवर्षणप्रवण मुलूख लोकव्यवहारात एकच माणदेश राहिला आहे. आणि औंधच्या पंतप्रतिनिधींचा आटपाडी महाल १९४८ मध्ये संस्थानाबरोबर विलीन झाला, तरी त्याचे नाव पशुपैदाशीच्या ग्रंथांतून पुसले गेले नाही. खिल्लार गोवंशाचे जे चार प्रकार तेथे नोंदलेले आढळतात, त्यांतील आटपाडी महाल, ज्याला हणम असेही म्हणतात, आणि म्हसवड हे दोन याच भूमीचे होत. तापी व नकली हे उरलेले.

जेथे ज्वारी-बाजरीचा कडबा हीच दौलत आणि विहिरीचे पाणी खोल, तेथे दुधापेक्षा बैलाच्या खांद्याला मोल येणे क्रमप्राप्तच होते. म्हणून थिल्लारी आणि धनगर पशुपालकांनी पिढ्यान्‌पिढ्या गाईचे दूध खोंडाच्या मुखी जाऊ दिले. शिंगांची मागे झुकून वर वळणारी ठेवण, निमुळते मस्तक, कठीण खूर आणि झपाट्याची चाल पाहून मोजके खोंड वळू म्हणून राखले, आणि बाकीचे बडवून औताला वा मोटेला जुंपले. खरसुंडीच्या व म्हसवडच्या सिद्धनाथाच्या, तसेच पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रांतील जनावरांच्या बाजारात या निवडीची दरसाल परीक्षा होई. अक्षरओळखीवाचून ही विद्या सांभाळणाऱ्यांना मी पैदासशास्त्राचे आचार्य मानतो.

हा वंश मुळात म्हैसूरकडील हळ्ळीकार जातीपासून निघाला, असे जुन्या पशुतज्ज्ञांचे मत होते, आणि त्याचा आधार मुख्यतः शिंगांच्या व मस्तकाच्या साम्याचा. तंतुकणिकांतील जनुकांचा वारसा केवळ मातेकडून आणि वाय गुणसूत्राचा केवळ पित्याकडून येत असल्यामुळे, दक्षिणेतून वळू तेवढे आले की गाईंसह कळपच उत्तरेकडे सरकले, हे आता दोन्ही वारसे ताडून शोधता येते. २००९ मध्ये गाईचा समग्र जनुकसंच प्रसिद्ध झाला, तो हेरफर्ड या विलायती जातीच्या गाईचा. भारतीय गोवंशासाठी हैदराबादच्या राष्ट्रीय पशु जैवतंत्रज्ञान संस्थेची ‘इंडिगौ’ चिप आली ती २०२१ मध्ये. परंतु ज्या जनावराचे रक्त तपासावयाचे, त्याची आजी कोणत्या कळपातली, हे सांगणारा गोपालक सोबत नसेल, तर त्या आकड्यांतून इतिहास निघणार नाही. म्हणून शिरवळ येथे १९८८ पासून चाललेल्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालयासारख्या ठिकाणी जनुकशास्त्रज्ञ, संख्याशास्त्रज्ञ, संस्थानी दप्तरांचे अभ्यासक आणि माणदेशातील जाणते पशुपालक यांनी एका बैठकीस बसावे, अशी माझी मनापासूनची मागणी आहे.

ही निकड आजची आहे. मोट गेली, ट्रॅक्टर आला, दुधासाठी संकरित गाय दावणीला आली. बैलगाडा शर्यतींवर सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये घातलेली बंदी २०२१ मध्ये सैल झाली आणि २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा ग्राह्य धरला, तेव्हा खोंडाला पुन्हा गिऱ्हाईक लाभले, याचा मला आनंद आहे. मात्र शर्यतीसाठी राखलेला वळू काही क्षणांच्या वेगावरून निवडला जातो, तर दिवसभर मोट ओढणाऱ्या बैलाची कसोटी दमाची होती. जुन्या कसोटीवर उतरलेले रक्त ज्या घरांच्या दावणीला अद्याप आहे, त्यांच्या गाईंचे नमुने व त्यांच्या तोंडची वंशावळ यांची नोंद येत्या यात्रांपासूनच सुरू झाली पाहिजे.